भिंत गार आहे

"पंप वर काढायचा नाहीये," साहेब म्हणाले. "आहे तिथेच राहू दे. सोमवारी खाली जा, बंद करा आणि या वर. बास."

नाना ऑफिसच्या दारातच उभे होते. हातातला तेलकट बोळा त्यांनी या हातातून त्या हातात घेतला. साहेब वयानं त्यांच्या मुलासारखे. टेबलावर खोकी बांधून ठेवलेली. भिंतीवरचे नकाशे उतरवले होते आणि त्यांच्या जागी फिकट चौकोन राहिले होते.

"चांगला चालतोय हो अजून," नाना म्हणाले. "गेल्याच महिन्यात बेअरिंग बदललंय."

"माहीत आहे मला. पण बाकीची मशिनं गेली, रूळ गेले. एका जुन्या पंपासाठी आता कोण माणसं लावणार?"

"आणि पाणी?"

"पाणी येईल. वर्षभरात सगळी खाण भरेल. भरू दे ना, नाना. आता खाली आपलं आहे काय?"

बोलून झाल्यावर साहेबांच्या लक्षात आलं. त्यांनी उगाच एका खोक्याची दोरी ताणून बघितली. "चुकलो," ते हळूच म्हणाले. "माझ्या डोक्यातच आलं नाही."

"तुम्ही तेव्हा नव्हता, साहेब," नाना म्हणाले आणि जिना उतरले.

हे गाव खाणीआधी नव्हतंच. होता तो नुसता माळ. कुणीतरी विहीर खणायला घेतली, पाण्याऐवजी काळा दगड लागला, तो चुलीत टाकून बघितला तर पेटला, आणि माळाचं गाव झालं. आधी तंबू आले, मग पत्र्याच्या चाळी, मग विटांची एकसारखी घरं. रेल्वेचा फाटा आला, शाळा आली, दवाखाना आला, थिएटरसुद्धा आलं. नाना नोकरीला लागले तेव्हा गाव ऐन भरात होतं. दुपारी खाली सुरुंग उडाले की घराघरांतली भांडी फळीवर थरथरायची. नव्या सुना दचकायच्या. महिन्याभरात त्याच सुना भांड्यावर नुसता हात ठेवून गप्पा चालू ठेवायच्या. वारा सुटला की दोरीवरचे कपडे धुण्याआधी होते त्याहून काळे होत. रस्त्यात कुणी पांढराशुभ्र शर्ट घातलेला दिसला, की पोरं लगेच ओळखायची, हा कुणाकडे तरी पाहुणा आलाय.

या सगळ्यात नानांचं काम पंपाचं. खाण म्हटली की पाणी आलंच. छतातून ठिबकतं, भिंतीतून झिरपतं, दिवसरात्र. ते तळाच्या हौदात गोळा करायचं आणि पंपानं वर फेकायचं. वर ते टाकीत जाई, टाकीतून गावाच्या नळांना. कोळसा काढणाऱ्यांचं गावात कौतुक. पंपवाल्याची आठवण व्हायची ती नळ गेल्यावर. नानांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. "तुम्ही खाली कोरडे राहता आणि वर येऊन आंघोळ करता," ते सांगायचे, "दोन्ही माझ्या जिवावर." लोक त्यांना पंपनानाच म्हणायचे. आणि त्यांच्या बायकोला माई.

मग कोळसा खोल खोल जात राहिला, आणि एक दिवस आग लागली.

ती लागली थोरल्याच्या पाळीत. थोरला म्हणजे नाना-माईंचा मुलगा. दोन वर्षं खाणीत काढतो आणि मग मोटारींचं गॅरेज टाकतो, असं म्हणून तो नोकरीला लागला होता, आणि ती दोन वर्षं संपत आली होती. सगळ्यात खालच्या थरात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यानं पेट घेतला. बरीच माणसं धावत बाहेर आली. थोरला आणि त्याच्या जोडीचे पाचजण आत राहिले. त्यांना आणायला दोनदा माणसं गेली आणि दोन्ही वेळा धुरात गुदमरून मागे फिरली. आग वायूच्या साठ्यापर्यंत पोचली असती तर खाण उडाली असती आणि वरचं गावही. तिसऱ्या दिवशी तेव्हाचे मॅनेजर म्हणाले, आता आत कुणी जिवंत असणं शक्य नाही. त्या बोगद्याचं तोंड बुजवा, हवा तोडा, म्हणजे आग मरेल. भिंत बांधायला माणसं कमी पडत होती. जे होते ते रांगेत उभे राहिले आणि हातोहात विटा पुढे गेल्या. त्या रांगेत नाना होते. हे गावाला माहीत होतं, माईलाही माहीत होतं. घरात तो विषय कधी निघाला नाही.

माईनं एवढंच विचारलं होतं, आणि तेही महिन्याभरानं. नाना जेवायला बसले होते. ती वाढता वाढता थांबली. "ती आग विझली का हो?"

"विझली," नाना म्हणाले. "भिंत गार आहे."

भिंत गार नव्हती. कुठल्या तरी भेगेतून आत थोडी हवा जात होती आणि आत काहीतरी धुमसत होतं. फार नाही, चहा पिऊन झाल्यावर कप जेवढा कोमट राहतो, तेवढी ती लागायची. मोठे इंजिनियर येऊन बघून गेले. त्यांनी पुढे आणखी एक भिंत चढवली, वर गिलावा केला आणि धोका नाही असं सांगितलं. पाणी सोडलं तर आग पुरती विझेल, असं त्यांच्यातला एकजण म्हणाला होता. पण मग शेजारचा चालू भागही बुडाला असता, म्हणून ते राहिलं. काही महिन्यांनी दुसरी भिंतही कोमट झाली.

माई अधूनमधून विचारायची. भांडी लावताना, दिवा घालवताना, पाठमोरीच. "भिंत?"

"गार आहे," नाना म्हणायचे.

तेवढ्यावर माईनं दिवस काढले. आपला मुलगा कोरड्या, थंड, शांत जागी निजलाय, कुणी त्याला उठवणार नाही, अशी तिची समजूत होती आणि ती मोडायची हिंमत नानांना कधी झाली नाही. पुढे खाण परवडेना, कोळसा काढणं थांबलं. शाळा गेली, दवाखाना गेला, गाड्या यायच्या बंद झाल्या. लोक जाताना घराची दारं, खिडक्या, पत्रे काढून घेऊन गेले. मागच्या आळीत जमीन खचली आणि दोन घरं कंबरेपर्यंत आत गेली. ज्या शेजारणींनी माईसोबत बाळंतपणं काढली होती, त्या एकेक करून तिच्या गळ्यात पडून गेल्या. माई सगळ्यांना फाट्यापर्यंत पोचवायला जायची आणि परत यायची. "तू कधी येणार?" असं कुणी विचारलं, की म्हणायची, "आमचं अजून इथे आहे ना."

साहेबांशी बोलणं झालं त्या दुपारी नाना घरी आले तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"सोमवारी पंप बंद करायचाय," नाना म्हणाले.

"मग पाणी चढेल."

"चढेल."

"त्याच्यापर्यंत?"

नानांनी वाटेतच ठरवून ठेवलं होतं. "नाही. त्या बाजूला चढ आहे. तिथे पाणी पोचत नाही. पोचलं तरी फार तर उंबऱ्यापर्यंत. आणि भिंत पक्की आहे, दोन पदरी."

माईनं टॉवेलची घडी मोडली आणि परत घातली. खोटं बोलताना हा माणूस जास्त तपशील देतो, हे तिला लग्न झाल्यापासून माहीत होतं.

शनिवारी लेक आली. ती शहरात नोकरी करायची, नवरा चांगला होता, घरात एक खोली आईवडिलांसाठी कधीची रिकामी ठेवली होती. येतानाच ती सोमवारसाठी टेम्पो ठरवून आली. आल्या आल्या तिनं कंबर कसली, कपाट उघडलं आणि सामान बाहेर काढायला लागली. माई कॉटवर बसून बघत राहिली.

"हे राहू दे," माई म्हणाली. "मी काही येत नाहीये. तुझ्या बाबांना ने."

"आई, आता पाणीसुद्धा नसणार इथे."

"आणीन कुठून तरी."

"कुठून? दुकान नाही, डॉक्टर नाही. रस्त्यात पडलीस तर उचलायला माणूस नाही."

"पडले तर पडले."

लेकीनं हातातल्या चादरी खाली टाकल्या. ती रागावली नव्हती. तिचा आवाज उलट खाली गेला. "आई, तो गेला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तेव्हापासून तू माझ्याकडे बघतेस तीही त्याच्या आडून. माझं लग्न झालं, मला मूल राहिलं आणि गेलं. तू दोन दिवस आलीस आणि तिसऱ्या दिवशी म्हणालीस, मला परत जायला हवं, तो एकटा आहे. मी पण एकटीच होते गं तेव्हा."

नाना मोरीत हात धूत होते. त्यांनी नळ बंद केला आणि तिथेच उभे राहिले.

माईनं गुडघ्यांवर हात टेकले. मग उठली, जमिनीवरच्या चादरी उचलल्या, झटकल्या, लेकीच्या हातात दिल्या. "बांध," ती म्हणाली. "येते मी. पण त्याआधी मला खाली जायचंय. ती भिंत मला बघायचीय. एकदा हात लावते आणि मग तुम्ही म्हणाल तिकडे येते."

"बायकांना खाली नेत नाहीत," नाना मोरीतूनच म्हणाले.

"खाण राहिलीच कुठे आता? नियम तेवढा राहिलाय होय?"

नानांनी नळ परत सोडला आणि धुतलेले हात पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी ते डोलीवाल्याकडे गेले. माणसांना खाली नेणाऱ्या लोखंडी पिंजऱ्याला डोली म्हणत, आणि ती वरखाली करणारं इंजिन हा डोलीवालाच, नाना नोकरीला लागले तेव्हापासून, चालवत होता. सगळ्या गावाला त्यानं रोज पाताळात सोडलं होतं आणि परत आणलं होतं. आता त्याच्या इंजिनावर जाणारा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे नाना. इंजिनघराच्या पायरीवर बसून तो बूट शिवत होता.

नानांनी सगळं सांगितलं. भिंतीचंही. ती कोमट आहे हे डोलीवाल्याला ठाऊक होतं. खाली उतरणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. गावातल्या एकानंही इतक्या वर्षांत माईपाशी तोंड उघडलं नव्हतं.

"सोडतो मी तिला खाली, त्याचं काही नाही," डोलीवाला म्हणाला. "माझ्या बायकोलाही एकदा न्यायची होती. पण परत वर आणायची अट घालत होती, म्हणून राहिलं."

नाना हसले नाहीत. डोलीवाल्यानं दोरा दातानं तोडला.

"हे बघ, खाली बुजवलेल्या भिंती काय कमी आहेत? उजवीकडच्या जुन्या भागात चांगल्या चार आहेत. बर्फासारख्या गार. त्यातली कुठलीही दाखव. तिला काय कळणार आहे?"

"ते मनात आलं माझ्या."

"मग झालं तर. तिचा जीव शांत होईल. तुझाही होईल. खोटं तर खोटं, इतकी वर्षं निभावलंस ना? शेवटचा एक दिवस."

साहेबांना सांगायलाच हवं होतं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "उद्या सकाळी मी गोदामात असणार आहे. डोलीकडे माझं लक्ष असणार नाही. हवेचा पंखा चालू आहे तोवर वर या, एवढंच बघा."

सोमवारी सकाळी माई नानांच्या बुटांत उभी होती. बूट मोठे होत होते म्हणून टाचेशी चिंध्या कोंबल्या होत्या. डोक्यावरचं हेल्मेट सारखं कपाळावर उतरत होतं. लेक डोलीपर्यंत आली आणि तिनं आईच्या हेल्मेटचा पट्टा आवळून दिला.

डोली सुटली तेव्हा माईनं नानांची बाही पकडली. अंधार अंगावरून वर वर जायला लागला. कानांत दडे बसले. "रोज असं होतं?" तिनं विचारलं.

"सवय होते."

"त्यालाही झाली होती?"

"त्याला पहिल्या दिवशीच मजा वाटली. ओरडला होता मोठ्यानं."

माई अंधारात किंचित हसली. बाही मात्र तिनं सोडली नाही.

तळाला पंप धडधडत होता. नानांनी तिला तो दाखवला, आपलं लोखंडी स्टूल दाखवलं, डबा टांगायची खुंटी दाखवली. माईनं पंपाच्या अंगावर हात फिरवला, वास घेतला. "हाच का तो? तुमच्या कपड्यांना इतकी वर्षं याचा वास येतो. मी म्हणायचे, घामाचा आहे."

मग ते चालायला लागले. पुढे नाना, मागे माई. रूळ काढून नेल्यामुळे जमिनीत नुसते खाचे राहिले होते. छत कुठे कुठे इतकं खाली होतं की वाकावं लागे. दिव्याच्या उजेडात कोळसा मधूनच ओल्या डोळ्यासारखा चमकायचा.

रस्ता फुटत होता तिथे ते थांबले. उजवीकडे जुना भाग. चार पावलं गेलं की गार भिंत. माई तिच्यावर हात ठेवेल, डोळे मिटेल, वर येईल, टेम्पोत बसेल. डावीकडचा रस्ता खाली उतरत गेला होता. माईला चढाचं सांगितलं होतं आणि इथे तर उतार. तिलासुद्धा दिसलं असतं.

नाना उजवीकडे वळले.

"इकडून ना?" माई मागून म्हणाली. धाप लागली होती तिला. "तुम्ही व्हा पुढे. मला इथलं काही कळत नाही. तुम्ही न्याल तिकडे यायचं."

ती सहजच म्हणाली होती. तिच्या आवाजात संशय नव्हता, टोमणा नव्हता. लग्न होऊन या गावात आली, तेव्हा स्टेशनवर उतरल्यावर हातात ट्रंक धरून ती असंच म्हणाली होती. नाना उभे राहिले. पुढचं पाऊल त्यांच्यानं टाकवेना. कुठल्या तरी परक्या दगडाला ती लेकरू समजून कुरवाळेल आणि आपण शेजारी उभं राहून दिवा धरायचा, हे डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना ते जमेना.

"नाही," ते म्हणाले. "चुकलं माझं. डावीकडे आहे."

उतार बराच होता. नाना तिचा हात धरून एकेक पाऊल खाली नेत होते. शेवटी भिंत आली. गिलावा काळा पडला होता, मध्ये एक वाकडी भेग होती. कुणीतरी कधीतरी खडूनं त्या सहाजणांची नावं लिहिली होती, ती ओलीनं पुसट झाली होती. माईला वाचता येत होतं. तिनं दिवा वर धरून आपल्या मुलाचं नाव शोधलं आणि मग हात पुढे केला.

नाना बाजूला बघत राहिले.

पहिल्यांदा तिनं पूर्ण तळवा टेकवला. मग उचलला. मग आजारी पोराच्या कपाळाला लावून बघावा तसा हात उलटा करून बोटांची पाठ टेकवली. परत तळवा.

"अहो," ती म्हणाली, "ही कोमट आहे."

नानांनी मान खाली घातली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे आत अजून..."

"थोडं. धुमसतंय."

"आणि तुम्ही गार म्हणत होता."

"हो."

माई ओरडली नाही. तिनं हातही काढला नाही. मग ती भिंतीशीच बोलल्यासारखी बोलली. "उकाडा अजिबात सोसायचा नाही त्याला. उन्हाळ्यात फरशीवर तांब्याभर पाणी ओतायचा आणि तसाच उघड्या अंगानं झोपायचा. मी ओरडायचे, सर्दी होईल म्हणून." ती थांबली. "तुम्हाला हात लावून बघावासा वाटायचा का हो कधी?"

"रोज," नाना म्हणाले. "रोज पाळी संपली की इथे यायचो. आज तरी गार लागेल, आज तरी लागेल. आणि मग घरी येऊन तुला सांगायचो."

"मला सांगायचं होतंत. अर्धं मी घेतलं असतं."

नाना खाली बसले. हिच्यामागच्या पहिल्या भिंतीच्या विटा त्यांनी हातानं पुढे दिल्या होत्या. तेव्हा ते रडले नव्हते, नंतर कधी घरात रडले नव्हते. आता बांध फुटला तसे ते रडले, गुडघ्यांत डोकं घालून. माई एक हात भिंतीवर आणि एक हात त्यांच्या डोक्यावर ठेवून उभी राहिली. ती स्वतः रडत होती की नाही, ते त्या उजेडात कळत नव्हतं.

नाना शांत झाल्यावर तिनं विचारलं, "पाणी इथे येणार ना? आता खरं सांगा."

"येणार. सगळ्यात आधी इथेच येणार. ही सगळ्यात खालची जागा आहे, पंप ओढतो म्हणून कोरडी."

"कधी?"

"आठवड्याभरात."

"भिंतीच्या आत जाईल?"

"भेगेतून जाईल. हळूहळू."

"मग विझेल?"

"विझेल."

माईनं मान हलवली. दिवा खाली ठेवून तिनं दोन्ही तळवे भिंतीवर ठेवले, कपाळही टेकवलं, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. नाना शेजारीच होते, तरी त्यांना ते ऐकू आलं नाही. मग तिनं दिवा उचलला.

"चला," ती म्हणाली. "बंद करू या."

पंपापाशी येऊन नानांनी आधी नेहमीप्रमाणे तेल बघितलं, मग लक्षात आलं की आता त्याची गरज नाही. त्यांनी बटण दाबलं. पंप एकदम थांबला नाही. चाक फिरत राहिलं, मंद होत गेलं, शेवटी एकदा थरथरून उभं राहिलं. आणि मग सगळीकडून आवाज यायला लागला. छतातून, भिंतींतून, लांबून, जवळून, थेंब थेंब.

"इतकं पाणी ठिबकत असतं होय?" माई म्हणाली.

"पंप चालू असला की ऐकू येत नाही."

दोघं थोडा वेळ ऐकत उभी राहिली. मग नानांनी घंटेची दोरी ओढली आणि वरून डोली आली.

वर ऊन होतं. डोळे दिपले. डोलीवाल्यानं माईकडे बघितलं, तिच्या काळ्या तळव्यांकडे, कपाळावरच्या काळ्या ठशाकडे. माई लेकीकडे चालत गेल्यावर त्यानं नानांना हळूच विचारलं, "कुठली दाखवलीस?"

"आपलीच."

डोलीवाल्यानं मान डोलावली आणि इंजिनघरात जाऊन कळ खाली केली. मग पंखाही थांबला.

सामान फार नव्हतंच. दोन कॉट, कपाट, भांड्यांची खोकी. घराला कुलूप लावायचं की नाही यावर लेक आणि ड्रायव्हर बोलत होते. नाना म्हणाले, कशाला, आणि दार नुसतं ओढून घेतलं. माई वाटेत कुणाच्या घरासमोर थांबली नाही. टेम्पोत मागे, गाद्यांच्या वळकटीला टेकून ती बसली. तिच्या एका बाजूला नाना, दुसऱ्या बाजूला लेक. टेम्पो शाळेवरून गेला, टाकीवरून गेला. बाजारातल्या बिनदारांच्या दुकानांत गवत वाढलं होतं. लेकीनं आईचा दंड धरून ठेवला होता. माईनं तिच्याकडे वळून बघितलं. बराच वेळ, नीट, सगळा चेहरा.

"बारीक झालीस," ती म्हणाली. "जेवतेस ना वेळेवर?"

लेकीनं मान हलवली.

फाटा ओलांडायच्या आतच माईची मान कलंडली. भर दुपारी, उन्हात, टेम्पोच्या त्या खडखडाटात ती गाढ झोपली, लेकीच्या खांद्यावर. हात मांडीत उलटे पडले होते, तळव्यांच्या रेघारेघांत कोळसा बसला होता. लेकीनं पिशवीतून रुमाल काढून बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि आईचा हात उचलायला गेली.

नानांनी मानेनंच नको म्हटलं.

पुढे रस्ता खराब होता. त्यांनी केबिनच्या काचेवर टकटक केली आणि ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितली.